पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता पुढची केमो: घरच्यांनी काय, कधी आणि कुठल्या क्रमाने करायचं

सर्जन बाहेर येऊन सांगतात की गाठ पूर्ण निघाली. घरचे हात जोडतात, संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाईकांना फोन होतात, आणि पहिली चूक तिथेच होते. पूर्ण निघाली म्हणजे डोळ्यांना आणि स्कॅनला दिसत होतं तेवढं निघालं. न दिसणाऱ्या पेशी कुठे राहिल्या असतील तर त्यांच्यासाठी केमो असते, आणि तिला वेळेचं बंधन आहे: साधारण ऑपरेशननंतर ४ ते ६ आठवड्यांत सुरू व्हावी, ८ आठवड्यांच्या पुढे ढकलली जाऊ नये असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. आपल्याकडे मात्र "आत्ताच एवढं मोठं ऑपरेशन झालंय, जरा अंगात ताकद येऊ दे, मग बघू" म्हणत दोन-तीन महिने सहज जातात.

मी डॉक्टर नाही. माझ्या वडिलांचं, आम्ही अण्णा म्हणतो, पूर्ण जठर काढलं आणि नंतर केमोच्या आठ सायकली, म्हणजे आठ फेऱ्या, झाल्या, त्या सगळ्या काळात फाईल माझ्या हातात होती. नंतर ओळखीतल्या चार-पाच घरांच्या फाईलीही मीच लावून दिल्या आणि चुका सगळीकडे त्याच दिसल्या. डोस, औषध, कधी थांबवायचं, हे तुमचा ऑन्कोलॉजिस्टच, म्हणजे कॅन्सरचा डॉक्टरच, ठरवणार, इथे फक्त घरच्यांनी करायचं काम लिहितोय.

टप्पा १: डिस्चार्जच्या दिवशी फाईल पूर्ण करून घ्या

डिस्चार्ज कार्ड मिळालं की लोक निघतात. थांबा. पुढच्या डॉक्टरला तेवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. हे मागा:

१. ऑपरेशन नोट्स. जठर अर्धं काढलं की पूर्ण, आजूबाजूच्या लिम्फच्या गाठींची साफसफाई कुठपर्यंत केली (डी-टू लिहिलंय का बघा, म्हणजे जठराला लागून असलेल्या आणि त्यापलीकडच्याही गाठी काढल्या), आतडं कसं जोडलं, हे सगळं त्यात असतं.
२. हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, म्हणजे काढलेल्या भागाची तपासणी. हा डिस्चार्जच्या वेळी बहुतेक आलेला नसतो, आठ-दहा दिवस लागतात. कुठून आणि कधी घ्यायचा ते लिहून घ्या, आणि तो आणायची जबाबदारी घरातल्या एकाच माणसावर टाका. "दादा आणेल" आणि "वहिनी आणेल" यात आमच्या ओळखीतल्या एका घरी रिपोर्ट तीन आठवडे लॅबच्या काउंटरवर पडून होता.
३. स्लाईड आणि ब्लॉक. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेले तपासणीचे छोटे तुकडे. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये मत घ्यायचं असेल, विशेषतः परळच्या टाटा मेमोरियलला किंवा तसल्या मोठ्या सेंटरला जायचं असेल, तर ते लोक स्लाईड पुन्हा स्वतः बघतात. नुसता कागद घेऊन गेलात तर स्लाईडसाठी परत गावी एक चक्कर.
४. ऑपरेशनच्या आधीचा सीटी स्कॅन, सीडीसकट, आणि दुर्बिणीचा रिपोर्ट.

सगळ्याचे फोटो काढून ठेवा, पण फोटो म्हणजे फाईल नव्हे. मूळ कागद तारखेने लावा, सगळ्यात जुना खाली.

सावधान: ब्लॉक उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते. बॅगेत, कपड्यात गुंडाळून न्या.

टप्पा २: रिपोर्टमधल्या पाच गोष्टी स्वतः वाचा

रिपोर्ट वाचून उपचार ठरवायचा नाहीये, पण डॉक्टरसमोर बसल्यावर काय बोलणं चाललंय ते कळायला हवं.

पहिली गोष्ट टी. गाठ जठराच्या भिंतीत किती खोल गेली होती ते यावरून कळतं, आकडा जेवढा मोठा तेवढी खोल. दुसरी एन, म्हणजे लिम्फच्या गाठी. समजा २/२४ असं लिहिलंय, तर २४ गाठी तपासल्या आणि २ मध्ये कॅन्सर सापडला. यातला खालचा आकडा लोक बघतच नाहीत, आणि तोच महत्त्वाचा आहे, कारण किमान १६ गाठी तपासलेल्या असाव्यात अशी अपेक्षा असते. ९ गाठी तपासून सगळ्या निगेटिव्ह आल्या तर त्याला "गाठींमध्ये नाही" असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तिसरी मार्जिन, म्हणजे कापलेल्या कडेला पेशी आहेत का. चौथी, अक्षरांच्या आधी "वाय" आहे का, वायपीटी, वायपीएन असं. ते असेल तर ऑपरेशनच्या आधी केमो झालेली होती आणि त्यानंतरची ही स्थिती आहे. पाचवी, एमएमआर किंवा एमएसआय (पेशीची डीएनए दुरुस्त करायची व्यवस्था बिघडलीय का) आणि हर-टू (त्या नावाचं प्रथिन कॅन्सरच्या पेशींवर जास्त आहे का) या टेस्ट झाल्यात का.

एमएमआरची टेस्ट झाली नसेल तर केमोच्या आधीच विचारा. काही थोड्या पेशंटमध्ये ती वेगळी येते आणि अशांना ऑपरेशननंतरच्या नेहमीच्या केमोचा कितपत फायदा होतो यावर शंका आहे, त्यामुळे निर्णय बदलू शकतो. हर-टूचं उलट होतं: ते पॉझिटिव्ह आलं की नातेवाईक लगेच त्यावरचं महागडं इंजेक्शन शोधायला लागतात. ते मुख्यतः पसरलेल्या आजारात वापरतात, पूर्ण काढलेल्या गाठीनंतर ते द्यायलाच हवं असं नाही.

तपासा: पेशंटचं नाव, वय, आणि नमुना क्रमांक स्लाईडवर आणि रिपोर्टवर एकच आहे ना. हसू नका, एकदा तरी बघाच.

टप्पा ३: मेडिकल ऑन्कोलॉजिस्टची अपॉइंटमेंट टाके काढायच्या आठवड्यातच घ्या

रिपोर्ट आल्यावर अपॉइंटमेंट घेऊ असं करू नका. मोठ्या ठिकाणी नंबर लागायलाच वेळ जातो. रिपोर्टची तारीख माहीत असते, तिच्या पुढच्या दोन-तीन दिवसातली वेळ आधीच धरून ठेवा. आणि एक लक्षात घ्या, सर्जन हा केमोचा डॉक्टर नव्हे, "आमचे सर्जन बघतायत" एवढ्यावर थांबू नका.

तिथे साधारण यापैकी एक रस्ता निघतो.

गाठ अगदी वरवरची होती आणि लिम्फच्या गाठींमध्ये काही नव्हतं, तर बहुतेक वेळा केमो लागत नाही, नुसतं लक्ष ठेवतात. असं सांगितलं तर "गरीब म्हणून केमो देत नाहीत" असला संशय घेऊ नका.

आधी केमो न घेता थेट ऑपरेशन झालं असेल, डी-टू झालं असेल आणि स्टेज दोन किंवा तीन असेल, तर कॅपॉक्स हा नेहमीचा रस्ता. दर तीन आठवड्यांनी ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाईन आणि घरी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, अशा आठ सायकली, म्हणजे सहा महिने. कोरिया, चीन आणि तैवानमध्ये यावर मोठी ट्रायल झाली, तिचे आकडे २०१२ मध्ये आले. नुसतं ऑपरेशन झालेल्यांत तीन वर्षांनी १०० पैकी ५९ जणांमध्ये आजार परत आलेला नव्हता, केमो घेतलेल्यांत ७४ जणांमध्ये. "एवढं ऑपरेशन झालं, आता कशाला" म्हणणाऱ्या काकांना हे दोन आकडे सांगा. पण दोन्ही बाजूंनी वाचा, केमो न घेताही निम्म्याहून जास्त लोक तीन वर्षं बरे होते आणि केमो घेऊनही काहींचा आजार परत आला. जपानमध्ये एस-वन नावाची गोळी वर्षभर देतात, काही पेशंटना इथेही देतात.

ऑपरेशनच्या आधी फ्लॉट नावाची चार औषधांची केमो झाली असेल तर उरलेल्या चार सायकली ऑपरेशननंतर, दर दोन आठवड्यांनी. इथे लोक फार दमतात. ज्या ट्रायलवरून ही पद्धत रूढ झाली तिच्यातसुद्धा आठच्या आठ सायकली पूर्ण करणारे निम्म्याहून कमी होते. तेव्हा मध्ये डोस कमी झाला किंवा एखादी सायकल राहिली तर पेशंटला टोचून बोलू नका.

रेडिएशन सगळ्यांना लागत नाही. लिम्फच्या गाठी कमी काढल्या गेल्या असतील किंवा कडेला पेशी राहिल्या असतील तेव्हा त्याचा विचार होतो, साधारण पाच आठवडे, आठवड्यात पाच दिवस, २५ सिटिंग. रोज यायचं असतं, म्हणून राहण्याची सोय आधी बघा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या: कुठली केमो, किती सायकली, पहिली तारीख कोणती, पोर्ट (औषध द्यायला छातीत कातडीखाली बसवतात ती छोटी डबी) लागेल का, रात्री त्रास झाला तर कुठल्या नंबरला फोन करायचा. शेवटचा प्रश्न सगळे विसरतात आणि रात्री दोनला आठवतो.

टप्पा ४: मधले चार-सहा आठवडे, खरं काम इथे आहे

हा काळ आरामाचा समजतात. माझ्या मते हा तयारीचा आहे आणि केमो नीट होणार की अर्ध्यात सुटणार हे बरंचसं इथे ठरतं.

*वजन.* एकच वजनकाटा, आठवड्यातून एकच वार, सकाळी, तेच कपडे. आकडा वहीत. जठर काढल्यावर वजन उतरतंच, पण ते उतरत राहिलं तर केमो झेपत नाही.

*खाणं.* जठर नाही किंवा अर्धंच आहे, म्हणजे साठवायची पिशवीच गेली. तीन जेवणं विसरा, सहा-सात वेळा थोडं थोडं. मऊ वरण-भात तुपासकट, पूर्ण उकडलेलं अंडं, मुगाचं धिरडं, पनीर, मऊ मासा, मीठ-ताक घातलेली नाचणीची आंबील. जेवताना पाणी नको, अर्ध्या तासाने घोट घोट. सगळ्यात मोठी चूक म्हणजे "अशक्तपणा आलाय" म्हणून ग्लुकोजचं पाणी, उसाचा रस, शिरा, गोड चहात बुडवलेली बिस्किटं. गोड एकदम आतड्यात उतरतं आणि अर्ध्या तासात पोटात कळ, घाम, धडधड, जुलाब. किंवा दोन-तीन तासांनी साखर धाडकन खाली आणि चक्कर. याला डम्पिंग म्हणतात. अण्णांना आम्ही दोनदा बीपी कमी झालं समजून झोपवून ठेवलं होतं, तेव्हा कारण होतं शेजारच्या काकूंनी प्रेमाने आणलेला शिरा.

डायबेटिसचा पेशंट असेल तर जुन्या डोसच्या गोळ्या आणि इन्सुलिन तसंच चालू ठेवू नका, खाणं निम्म्यावर आलेलं असतं. साखरेच्या डॉक्टरला लगेच भेटा.

*पोटातली नळी.* ऑपरेशनमध्ये आतड्यात खाण्याची नळी, एफजे ट्यूब, ठेवली असेल तर पेशंट "ही काढा आधी" म्हणून मागे लागतो. तोंडाने खाणं जमेना आणि केमो सुरू झाली की हीच नळी उपयोगी पडते. ती कधी काढायची ते ऑन्कोलॉजिस्ट आणि सर्जन दोघांना विचारून ठरवा. तोपर्यंत प्रत्येक फीडच्या आधी आणि नंतर पाण्याने साफ करायची, नाहीतर बुजते.

*बी-ट्वेल्व्ह.* पूर्ण जठर काढलं असेल तर अन्नातलं बी-ट्वेल्व्ह शोषायला लागणारा घटकच तयार होत नाही, त्यामुळे इंजेक्शन कायमचं. हे कुणी सांगितलं नसेल तर तुम्ही विचारा. ते कमी पडलं तर हातापायाला मुंग्या येतात, आणि ऑक्झॅलिप्लॅटिननेही मुंग्याच येतात, मग कशामुळे काय ते कळेनासं होतं.

सावधान: मेडिकलमधून "रक्तवाढीची" किंवा "ताकदीची" म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांमध्ये फॉलिक ॲसिड असतं. त्याने कॅपेसिटाबिनचा त्रास वाढू शकतो. जी गोळी चालू आहे ती पाकिटासकट डॉक्टरला दाखवा. रक्त पातळ करायची वॉरफेरिन आणि फिटची फेनिटॉइन या दोन्हीचं कॅपेसिटाबिनशी जमत नाही, त्या चालू असतील तर तुम्ही आपणहून सांगा. ॲसिडिटीची गोळीही वर्षानुवर्षं सवयीने चालू असते, ती आता लागते का ते विचारा. आणि काढे, गुळवेल, कुणीतरी दिलेली पुडी: गुळवेलीने लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. केमो चालू असताना लिव्हरवर आणखी ओझं नको, आणि घेतच असाल तर निदान लपवू नका.

*टेस्ट.* सीबीसी, किडनी, लिव्हर, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, ईसीजी किंवा टूडी इको. जुनी कावीळ बी शरीरात दबून बसलेली असेल तर केमोत उसळू शकते, म्हणून ती टेस्ट उगाच नसते. काही ठिकाणी डीपीडी नावाची टेस्टही करतात, हे एन्झाइम कमी असणाऱ्या थोड्या लोकांना कॅपेसिटाबिन आणि फाईव्ह-एफयू (फ्लॉटमधलं एक औषध) अगदी नेहमीच्या डोसलाही विषासारखं लागतं, तेव्हा आपल्याला करायची का ते विचारा. दात दुखत असेल तर दाताचं कामही आताच उरका.

*पैसे.* हे टेस्टच्या बरोबरीनेच, नंतर नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा, हेल्पलाईन १५५३८८. लोक फसतात ते इथे: ऑपरेशन योजनेत झालं म्हणून केमोही आपोआप होईल असं धरतात. केमोची मंजुरी वेगळी लागते, आणि गावाजवळच्या दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये केमो घ्यायची असेल तर ते हॉस्पिटल योजनेत कॅन्सरसाठी आहे का ते आधी विचारावं लागतं. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात, तिथल्या समाजसेवकाला भेटा, बिलिंग काउंटरला नाही. रेल्वेच्या तिकिटातही कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला सवलत मिळते, त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्या.

तपासा, पहिल्या सायकलच्या आठवडाभर आधी: जखम भरली, ताप नाही, थोडं का होईना तोंडाने जातंय, रक्ताचे रिपोर्ट हातात, मंजुरी आली. यातलं एक जरी अडलं असेल तर त्याच दिवशी फोन करा, तारखेच्या सकाळी नाही.

टप्पा ५: पहिल्या सायकलचा दिवस

थोडं खाऊन न्या, उपाशी नको. उंची आणि वजन तिथे पुन्हा घेतात, कारण डोस त्यावर बेततात. इथे जुनं, ऑपरेशनच्या आधीचं वजन सांगू नका, "५८ आहे" म्हणून पटकन सांगून टाकतात आणि आता ५० असतं. काट्यावर उभं करा.

ऑक्झॅलिप्लॅटिन साधारण दोन तास चालतं, आधीची उलटीची औषधं वगैरे धरून अर्धा दिवस. हातातली शीर चांगली नसेल तर पोर्ट किंवा पिक लाईन (दंडातून मोठ्या शिरेत नेलेली बारीक नळी) बसवतात, फ्लॉटला तर लागतेच कारण त्यातलं एक औषध २४ तास चालतं. सुई लावलेल्या जागी आग किंवा सूज, अंगाला खाज, घसा आवळल्यासारखं, काहीही वाटलं तर लगेच सिस्टरला हाक. "सलाईन संपू दे मग सांगू" नको. आणि ही ॲलर्जी पहिल्यांदाच होते असं नाही, ऑक्झॅलिप्लॅटिनला सहाव्या-सातव्या सायकललाही होऊ शकते, म्हणून शेवटच्या सायकलला पेशंटला एकटं बसवून डबा आणायला जाऊ नका.

निघताना हातात तीन गोष्टी हव्यात: उलटीच्या गोळ्या, जुलाबाची गोळी आणि ती कधी घ्यायची याची सूचना, रात्रीचा फोन नंबर.

टप्पा ६: घरचे एकवीस दिवस

*गोळ्यांचा हिशोब.* सगळ्यात जास्त चुका इथे. एक उदाहरण मांडतो, डोस तुमच्या चिठ्ठीवरचाच घ्यायचा. उंची १६० सेंटीमीटर, वजन ५० किलो, म्हणजे शरीराचं क्षेत्रफळ साधारण १.४९ चौरस मीटर. कॅपेसिटाबिनचा पूर्ण डोस धरला तर एका वेळेला सुमारे १५०० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० च्या तीन गोळ्या सकाळी आणि तीन रात्री. चौदा दिवस. ८४ गोळ्या. मग सात दिवस सुट्टी.

आता पट्टी असते दहाची. मेडिकलवाल्याने नऊ पट्ट्या दिल्या, ९० गोळ्या. उरल्या सहा. अण्णा जन्मात काही वाया न घालवणारे, त्यांनी पंधराव्या दिवशी सकाळी तीन, रात्री तीन अशा "संपवून टाकल्या". सुट्टीचा एक दिवस गेला, आणि आम्हाला कळलं ते तोंड आल्यावर. तेव्हापासून मी ८४ मोजून एका डब्यात ठेवायचो आणि उरलेल्या माझ्या कपाटात.

कॅलेंडरवर गोळीचे चौदा दिवस लाल, सुट्टीचे सात हिरवे करा, आणि प्रत्येक डोसला घेतल्यावरच टिक. खाणं झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, साध्या पाण्याबरोबर. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही. घेतल्यावर उलटी झाली तर तोच डोस पुन्हा नाही. गिळायला जड जाते म्हणून गोळी खलबत्त्यात कुटायची तर अजिबात नाही, तिची पूड घरच्यांनाही घातक आहे. जमत नसेल तर डॉक्टरांना सांगा.

*थंड.* ऑक्झॅलिप्लॅटिननंतर पहिले चार-पाच दिवस थंड वस्तू शत्रू. फ्रीजचं पाणी सोडाच, माठातलंही नको. सकाळी नळाखाली हात धरला की विजेचा झटका बसल्यासारखं होतं, स्टीलचा तांब्या हातातून सुटतो. थंड घोट गेला तर घसा बंद झाल्यासारखा वाटतो, माणूस घाबरतो. श्वास खरं तर चालू असतो, कोमट पाणी दिलं की थोड्या वेळाने सुटतं. पण ओठ-चेहरा सुजला, अंगावर गांधी आल्या किंवा खरंच श्वास लागला तर तो थंडीचा प्रकार नव्हे, सरळ हॉस्पिटल. डिसेंबरमध्ये केमो असेल तर पहाटे मफलर तोंडावरून, आणि फ्रीजमधून काही काढायचं काम दुसऱ्याचं.

मुंग्या पुढच्या सायकलपर्यंत जात नसतील, शर्टाची बटणं लावता येत नसतील, चप्पल पायातून निघालेली कळत नसेल, तर ते सांगायचंच. पेशंट लपवतात, कारण केमो थांबेल अशी भीती. न सांगता डोस चालू राहिला तर त्या मुंग्या कायमच्या राहू शकतात.

*तळहात-तळपाय.* लाल होतात, सोलतात. पहिल्या दिवसापासून युरियाचं क्रीम लावा, सोलायला लागल्यावर नाही. गरम पाण्याची भांडी, अनवाणी शेतात, घट्ट बूट, हे टाळा. आमच्याकडे कारण भलतंच निघालं: अण्णा एकादशीला भजनात तासभर टाळ वाजवून आले आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही तळव्यांची साल निघाली. घासणं आणि दाब कुठून येतोय ते शोधा. दुखून काम करता येईना झालं की गोळी थांबवून फोन.

*जुलाब.* नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा जास्त वेळा, किंवा रात्री उठून जावं लागत असेल तर पुढची कॅपेसिटाबिन घेऊ नका, फोन करा, ओआरएस घोट घोट सुरू करा. "डॉक्टर पुढच्या सोमवारी भेटणारच आहेत" असं करत चार दिवस काढले की किडनीवर येतं.

सगळ्यात मोठी सावधगिरी, ताप: १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, दिवस असो की रात्र, तडक हॉस्पिटल. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी खाली असतात आणि त्यात इन्फेक्शन काही तासांत वाढतं. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघणं ही मी पाहिलेली सगळ्यात धोकादायक चूक. गोळीने ताप उतरतो, इन्फेक्शन नाही. कॅज्युअल्टीत गेल्यावर पहिलं वाक्य हेच: "पेशंटची केमो चालू आहे आणि ताप आलाय." नाहीतर ताप-खोकल्याच्या रांगेत बसवतात. गाडी नसेल तर १०८.

घरात वेगळं ताट, वेगळी खोली, शिवू नका, असलं काही लागत नाही. केमोनंतर दोन दिवस संडासात पाणी दोनदा सोडा, उलटी किंवा लघवीचे कपडे हातमोजे घालून वेगळे धुवा, बस. बाहेरचं चिरलेलं फळ, भेळ-चटणी, कच्चं अंडं बंद. तरुण जोडपं असेल तर गर्भ राहू नये याची काळजी घ्या आणि पुढे मूल हवं असेल तर तो विषय केमोच्या आधीच काढा.

टप्पा ७: प्रत्येक पुढच्या सायकलच्या आधी

एक-दोन दिवस आधी सीबीसी आणि बाकी रक्त. काऊंट कमी आले तर सायकल आठवडाभर पुढे जाते. यात घाबरायचं नाही, आणि "काऊंट वाढवणारं" म्हणून पपईच्या पानांचा रस पाजत बसायचं नाही.

वही घेऊन जा: वजन, ताप आला का, किती जुलाब, मुंग्या किती दिवस टिकल्या, किती गोळ्या चुकल्या. गोळ्या चुकल्या असतील तर खरं सांगा. डॉक्टर त्रास बघून डोस बदलतात, तुम्ही "सगळं ठीक" म्हणालात तर ते तोच डोस लिहितात. वजन १० टक्क्यांच्या आसपास उतरलं असेल तर डोस पुन्हा मोजायचा का ते विचारा. डोस कमी केला की नातेवाईकांत लगेच "औषध लागू पडत नाही वाटतं" सुरू होतं. तसं नसतं, अण्णांच्या शेवटच्या तीन सायकलींत ऑक्झॅलिप्लॅटिन बंदच केलं होतं आणि नुसत्या गोळ्या चालल्या.

गोळ्यांचा नवा डबा भरायच्या आधी जुना रिकामा आहे ना ते बघा.

टप्पा ८: शेवटची सायकल झाल्यावर

पोर्ट असेल तर काढायची तारीख विचारा, आणि ठेवणार असतील तर साधारण चार आठवड्यांनी फ्लश करून घ्यावा लागतो. पिक लाईनला आठवड्याला. केमो संपली म्हणून लोक हे विसरतात आणि लाईन बंद पडते किंवा इन्फेक्शन घेऊन येतात.

मुंग्या केमो संपल्यावर दोन-तीन महिने वाढल्यासारख्या वाटू शकतात, मग हळूहळू कमी होतात. तपासण्या पहिली दोन वर्षं साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी, नंतर सहा महिने ते वर्षाने, पाच वर्षांपर्यंत. मधल्या काळात वजन विनाकारण उतरणं, गिळताना अडकणं, पोट फुगणं, कावीळ, यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

बी-ट्वेल्व्ह चालू. लोह, कॅल्शियम, डी-जीवनसत्त्व वर्षातून एकदा तपासून. आणि फाईल माळ्यावर टाकू नका, अण्णांची अजून दाराजवळच्या कपाटात आहे, वर बी-ट्वेल्व्हच्या पुढच्या इंजेक्शनची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली.